पाठीवरचा वारा

शिरूर,
दि. ४ मार्च २००१

ती. आनंदमामांस,
मायाचा सविनय जयभीम. वि. वि.

पत्राला उशीर झाला म्हणून आधी कान धरते. जानेवारीत कंपनीत रुजू झाले आणि दोन महिने कुठे गेले कळलं नाही. इथे फरीदाभाभींच्या घरी मागची खोली मिळाली आहे. भाभी रोज सकाळी दारात माझी झडती घेतात. डबा घेतला का, केस नीट बांधले का, ठिणगी पडेल. त्यामुळे मामींची आठवण येते, पण त्यांचं ओरडणं चुकलं असं काही वाटत नाही.

सीओटू वेल्डिंग म्हणजे काय, असं तुम्ही विचारलं होतंत. दौंडला आपल्या शेडमध्ये होल्डरला रॉड लावायचा, तो जळून आखूड झाला की दुसरा घ्यायचा, आणि जोडाच्या शिवणीवर जमलेली कीट हातोडीने ठोकून काढायची. इथे रॉडच नाही. मशीनवर बारीक तारेचं रीळ असतं. गन हातात धरून बटण दाबलं की तार आपोआप पुढे येत राहते आणि तिच्याभोवती सिलिंडरमधला गॅस येतो. हात चालेल तेवढी लांब शिवण, आणि वर कीट नाही. पहिल्या दिवशी काम संपल्यावर मी सवयीने हातोडी शोधायला लागले, तर सगळे हसले.

आम्ही ट्रॅक्टरला ट्रॉली जोडायचे हूक करतो. प्रत्येकावर वेल्डरचा नंबर ठोकलेला असतो. माझा अकरा. फोरमन शाकीरभाईंनी मला हाताला धरून शिकवलं. सध्या ते आईला घेऊन हजला गेलेत, एप्रिलच्या मध्यावर येतील. शेडचं दार लावून घ्यायचं, हा त्यांचा भारी कटाक्ष. धुळीसाठी असावं. पण दार लावलं की आत भट्टी होते आणि धूर नाकातोंडात जातो. मला थोडा खोकला आहे. मामींना पत्र वाचून दाखवाल तेव्हा ही ओळ गाळा.

जूनअखेरपर्यंत चाचणी आहे. मग कायम करायचं की घरी पाठवायचं ते ठरेल. ह्या शेडमध्ये बाई वेल्डर मी पहिलीच. मुलीचं तोंड भाजेल म्हणून आप्पा नको म्हणत होते, तेव्हा तुम्ही तुमची तोंडापुढे धरायची चांगली काच मला दिलीत आणि स्वतः तडा गेलेल्या काचेने महिनाभर काम केलंत. ते मी विसरले नाही, एवढंच सांगायला हे पत्र होतं. बाकीचं आपोआप लिहिलं गेलं.

मामींना नमस्कार. तुमची माया आहे तशीच राहू द्यावी.

आपली,
माया

*

दौंड,
दि. ११ मार्च २००१

चि. मायास,
अनेक उत्तम आशीर्वाद व जयभीम. वि. वि.

पत्र पोचले. मामीला वाचून दाखवले. खोकल्याची ओळ गाळली, पण तिथे मी क्षणभर थांबलो आणि तिने ओळखले. बाईच्या कानापुढे कोणाचे चालत नाही.

रॉड नाही, कीट नाही, ठोकणे नाही. मग हे वेल्डिंग म्हणायचे की भरतकाम? तुझ्या त्या तारेला मी नावे ठेवत नाही, पण पोरी, लोखंड ते लोखंड आणि धूर तो धूर. त्यातले मला विचार. तीस वर्षे धूर खाल्ला आहे. पहिल्या दहा वर्षांत कोणी शहाणपण सांगितले नाही म्हणून आज जिना चढताना मधे उभा राहतो. तेव्हा नीट ऐक. वारा कायम पाठीवर घ्यावा. वारा पाठीवर असला की धूर आपल्यापासून पुढे पळतो. दार लावतात तर लावू देत, त्यांची शेड आहे. तुझ्यासाठी मी सोय केली आहे.

शेडमधल्या जुन्या टेबलफॅनला नवीन वायंडिंग करून, जाळी रंगवून तो मीरासाहेबांच्या टेम्पोतून पाठवत आहे. मीरासाहेब शिरूरला दर बुधवारी जातात. फॅन पाठीमागे स्टुलावर ठेव आणि पूर्ण जोरात चालव. लाजू नकोस. लोक हसले तर हसू देत, छाती आपली आहे.

तुझी मामी साक्षरतेच्या वर्गाला जाते. आता पाटी सुटून वहीवर आली आहे. पुढचे पत्र स्वतंत्र माझ्या नावाने पाठव, असे तिने तुला बजावायला सांगितले आहे. घरात आता दोन साक्षर झाले, त्यामुळे भांडणे वाढली आहेत.

प्रकृतीस जपावे. आमचा जीव तुझ्यात आहे हे ध्यानात ठेवावे.

तुझा,
आनंदमामा

*

शिरूर,
दि. २५ मार्च २००१

ती. आनंदमामांस,
सविनय जयभीम. वि. वि.

फॅन मिळाला. मीरासाहेबांनी टेम्पोतून तो मांडीवर घेऊन आणला म्हणे. निळा रंग छान दिसतो. सांगितलंत तसा पाठीमागे स्टुलावर ठेवला आहे. खोकला चार दिवसांत गेला. तुमचा हात पाठीवर असल्यासारखं वाटतं, हे लिहायला जरा संकोच होतो, पण वाटतं ते खरं. शेजारच्या रांगेतले लोक बघतात, बोलत कोणी नाही.

एक विचारायचं होतं. आठवडाभर माझ्या शिवणीवर अधूनमधून टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं दिसतात. पूर्वी येत नव्हती. शाकीरभाई नाहीत, आणि त्यांच्या जागी आलेले साहेब नवीन आहेत. त्यांना विचारलं तर बाईला येत नाही म्हणतील, म्हणून तुम्हाला विचारते. कशाने होत असेल? अशा वेळी आपण काय करायचो?

उत्तर लवकर द्यावं. मामींच्या वहीला माझा नमस्कार.

आपली,
माया

*

दौंड,
दि. ३१ मार्च २००१

चि. मायास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

छिद्रे पाहून घाबरू नकोस. पत्र्याला तेल नाहीतर गंज असणार, दुसरे काय? आधी पत्रा घासून पुसून घे. तरी छिद्र आलेच तर वरून ग्राइंडर मार आणि पुन्हा एक थर घाल. शिवण अशी दिसली पाहिजे की बघणाऱ्याने हात फिरवावा. आपल्या शेडमध्ये तीस वर्षे हेच चालते आणि एकही ट्रॉली परत आलेली नाही. नव्या साहेबाला विचारले नाहीस हे चांगले केलेस. घरचे शहाणपण असताना बाहेर कशाला जायचे?

फॅन बंद ठेवू नकोस. उन्हाळा वाढतो आहे.

आठवण ठेवत जा, आम्ही तर रोज काढतो.

तुझा,
आनंदमामा

*

शिरूर,
दि. २२ एप्रिल २००१

ती. सोजरमामींस,
मायाचा सविनय जयभीम. वि. वि.

मामी, हे पत्र फक्त तुमच्या नावाने आहे. मुद्दाम मोठ्या अक्षरात लिहिते. सावकाश वाचा.

गेल्या सोमवारी शाकीरभाई हजहून परत आले. सगळ्यांना खजूर वाटत वाटत माझ्या जागेपाशी आले आणि थांबले. माझ्या मागचा फॅन त्यांनी आधी बंद केला आणि मग विचारलं, की हा किती दिवसांपासून चालू आहे. मी म्हटलं, महिना झाला. त्यांच्या हातातला खजुराचा डबा तसाच राहिला.

मग त्यांनी समजावून सांगितलं. आपल्या रॉडवर मसाल्याचा लेप असतो. तो जळतो, वितळलेल्या लोखंडावर त्याची कीट बसते, आणि लोखंड थंड होईपर्यंत ती त्याला झाकून ठेवते. थोडा वारा आला तरी निभावतं. माझ्या गनमध्ये लेप नाही आणि कीट नाही. लोखंडाला झाकतो तो फक्त गॅस. वारा आला की गॅस उडून जातो, हवा आत शिरते आणि शिवणीत पोकळ्या राहतात. शेडचं दार त्यासाठी लावायचं होतं, धुळीसाठी नाही. शेजारच्या रांगेतल्या लोकांना हे माहीत होतं. पण बाई म्हणून मला वरून परवानगी मिळाली असेल, असं समजून कोणी बोललं नाही.

माझा एक हूक त्यांनी करवतीने कापला. वरून शिवण आरशासारखी होती, कारण छिद्रं दिसली की मी ग्राइंडर मारून दुसरा थर घालत होते. आत जाळीच जाळी होती.

शाकीरभाई म्हणाले की हे अजून फक्त आपल्या दोघांत आहे, मॅनेजरसाहेबांना कसं आणि केव्हा सांगायचं ते तू ठरव. मामी, खोटं कशाला बोलू, दहा मिनिटं मला वाटत राहिलं, गप्पच बसावं. जूनला दोनच महिने उरलेत. पण आपल्याकडे भरलेल्या ट्रॉलीच्या मागे पोरं ऊस ओढायला लटकतात ना, तीच डोळ्यांपुढे आली. मी माझी वही घेऊन मॅनेजरसाहेबांकडे गेले आणि महिनाभरातला प्रत्येक नंबर वाचून दाखवला. एकूण दोनशे बारा हूक. बहुतेक गोदामातच होते. सव्वीस दौंडच्या दुकानदाराकडे गेले होते. त्यातले पंचवीस परत आले. एक कोणीतरी रोखीने नेला, नाव नाही, पत्ता नाही.

साहेबांनी मला मशीनवरून काढून झाडलोटीला लावलं आहे. तो सव्विसावा हूक सापडेपर्यंत माझ्याबद्दल काही ठरवणार नाही, आणि त्याने कोणाला इजा झाली तर मात्र घरी पाठवणार, असं म्हणाले. त्यांचं चुकत नाही. मला घरी जावं लागेल ह्यापेक्षा तो हूक कुठल्या रस्त्यावर पळतोय ह्याची भीती जास्त वाटते.

आता मुख्य सांगते. हे मामांना सांगू नका. फॅन त्यांचा, दुसरा थर त्यांचा, हे कळलं तर त्यांना फार लागेल. त्यांनी मायेने सांगितलं. विचार न करता ऐकलं ते मी.

तुमच्या जिवावर निर्धास्त असलेली,
माया

*

दौंड,
८ मे २००१

चि. मायाला मामीचा आशीर्वाद आन् जयभीम.

हे पत्र म्या माझ्या हातानं लिवलंय. चुका काढू नको.

तुझं पत्र आलं तवा शेजारणी बसल्या व्हत्या. म्या थाटात फोडलं. दोन ओळी वाचल्या आन् पुढं जोडाक्षरं आडवी आली. चारचौघींत लाज नको म्हणून पत्र ह्यांच्या हातात दिलं. मामांना सांगू नका हे तू पार शेवटी लिवलंस. तवर पंख्याचं समदं ह्यांनी मोठ्यानं वाचलं व्हतं. मला वाटलं मधी थांबतील. थांबले न्हाईत. तुझ्या नावापस्तोर वाचलं, घडी केली, माझ्या हातात दिलं आन् म्हणले का, तुझं पत्र हाय, नीट ठेव. त्या दिशी जेवले न्हाईत.

दुसऱ्या दिशी शेडला कुलूप घातलं आन् सायकल काढली. पाटस, केडगाव, खुटबाव. जिथं ट्रॉली दिसंल तिथं खाली वाकून बघायचं. लोक इचारायचे आनंदरावांचं काय हरवलंय. हे म्हणायचे, अकरा नंबर. जिना चढाया दम लागतो त्यो माणूस नऊ दिवस उन्हात सायकल मारीत व्हता. म्या आडवं पडून बघितलं, भांडून बघितलं. ऐकलं न्हाई.

काल बुद्धपौर्णिमा. खुटबावला बबनराव म्हणून हायेत, त्यांची ट्रॉली मिरवणुकीला सजवली व्हती. बाया, पोरं वर बसली व्हती. ह्यांनी वाकून बघितलं आन् हुकावरची धूळ पुसली. अकरा. बबनराव म्हणले, नवाकोरा हूक हाय, मिरवणूक झाल्यावर बघू. हे ट्रॅक्टरच्या म्होरं मांडी घालून बसले. लोक चिडले, एकानं तर दारू प्यालाय का म्हणून इचारलं. ह्यांनी आयुष्यात थेंब घेतला न्हाई. तरी उठले न्हाईत. शेवटी समद्यांना उतरवलं. हूक काढला. ह्यांनी हातोडीचे दोन ठोके घातले आन् शिवण उकलली, आत नख गेलं.

बबनरावांची नात त्याच ट्रॉलीत बसली व्हती. मिरवणूक पायी निघाली. बबनराव ह्यांच्या गळ्यात हार घालाया आले तवा हे म्हणले का, हार घालण्यासारखं म्या काय केलं न्हाई, आन् बाजूला झाले.

आज पहाटं हूक पिशवीत घालून ते तुझ्या कंपनीकडं निघालेत. इस्तरीचा सदरा घातलाय. तुला हे मिळंल तवर येऊन गेले असतील. तू काय वाईट वाटून घेऊ नको. म्या तुझी बाजू राखली न्हाई, वाचाया येत न्हाई म्हणून चूक झाली. आता जोडाक्षरं गिरवतीया.

जीवाला जप.

तुझी मामी
सोजर

*

शिरूर,
दि. १५ मे २००१

ती. सोजरमामींस,
सविनय जयभीम. वि. वि.

तुमचं पत्र तीनदा वाचलं. चूक एकही काढली नाही. ह्या वेळी मात्र पत्र मामांच्या हाती द्या आणि त्यांनाच मोठ्याने वाचायला लावा. शेजारणी असल्या तर फारच बरं. कंपनीत काय झालं ते त्यांनी घरी सांगितलं नसणार, हे मला माहीत आहे.

मामा सकाळी नऊला गेटवर आले. शिपायाने कोण म्हणून विचारलं तर म्हणाले, हूक घेऊन आलोय. मॅनेजरसाहेबांनी आत बोलावलं, मला आणि शाकीरभाईंनाही बोलावलं. वेल्डर मंडळी काम सोडून दाराशी जमली. मामांनी पिशवीतून हूक काढून टेबलावर ठेवला, आणि सांगितलं की फॅन मी दिला, दुसरा थर घालायला मी सांगितलं, तेव्हा शिक्षा मला करा. साहेब म्हणाले की सल्ला कोणाचाही असो, हात हिचा होता. मीही तेच म्हटलं.

मग साहेबांनी विचारलं, तुम्ही जुने कारागीर, तुमच्या शेडमध्ये असा वेल्डर असता तर तुम्ही काय केलं असतं? मामांनी हूक साहेबांकडे सरकवला. मग म्हणाले, की मी तीस वर्षांत अशी छिद्रं शंभरदा झाकली. कोणी विचारलं नाही आणि मी कोणाला सांगितलं नाही. हिला कोणी विचारायच्या आत हिने सांगितलं. ही माझ्या शेडमध्ये असती तर मी हिला ठेवलं असतं आणि स्वतः घरी गेलो असतो.

मामी, ज्या माणसाने कधी भाजीवाल्यापुढेसुद्धा हार मानली नाही, तो वीस अनोळखी माणसांपुढे हे बोलला. दारातले लोक एकेक करून कामावर गेले. साहेबांनी दुपारी निर्णय दिला. झालेले महिने धरायचे नाहीत, चाचणी पहिल्या दिवसापासून पुन्हा सुरू. पण गन परत मिळाली. ह्या वेळी शेजारच्या रांगेतले दोघे जण आपणहून आले आणि काही अडलं तर आम्हाला विचारत जा म्हणाले. मीही म्हटलं, विचारेन.

जाण्याआधी शाकीरभाईंनी मामांच्या हातात गन दिली. पहिली शिवण कोंबडी चालल्यासारखी आली. दुसरी सरळ आली. तिसरीला मामांनी काच वर केली आणि मला विचारलं, बरोबर आहे का. आजवर मीच त्यांना असं विचारत आले.

मामा, तुम्ही वाचत असाल तर आता थांबू नका. तुमच्या सांगण्याने माझी एक चूक झाली, हे खरं. पण लोखंड हातात धरायला तुम्ही शिकवलंत म्हणून मी इथे आहे, आणि त्या उन्हात सायकल मारलीत म्हणून पोरं घरी पायी का होईना पण धड पोचली. ह्याचे उपकार मानायला मला नीट शब्द येत नाहीत. येतात तेवढे मानते.

दोघांच्या पायाशी,
माया

*

दौंड,
दि. ३ जून २००१

चि. मायास,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

पत्र मोठ्याने वाचले. शेजारणी होत्या. तुझ्या मामीने त्यांना निरोप धाडून बोलावले होते. शेवटचा परिच्छेद मला वाचता आला नाही, तो तिने वाचला. दोन ठिकाणी अडली, पण वाचला. ती आता माझ्यावर उपकार केल्यासारखी घरात वावरते आणि ते खरेही आहे.

खुटबावहून येताना रस्त्याने मला माझ्याच ट्रॉल्या दिसत होत्या. हा दांडा मी जोडलेला, तो सांधा मी झाकलेला. एकही ट्रॉली परत आली नाही असे मी तुला मोठ्या ऐटीत लिहिले होते. परत आली नाही, म्हणजे आत काय आहे ते मी पाहिले नव्हते, एवढेच.

गेल्या सोमवारपासून ओळखीच्या एकेका मालकाला निरोप धाडून ट्रॉली शेडवर बोलावतो आहे. जिथे दुसरा थर घातल्याचे आठवते तिथली शिवण पूर्ण उघडतो आणि नव्याने करतो. पहिले बबनराव आले, न बोलावता. आतापर्यंत आठ उघडल्या. तीन आतून पोकळ निघाल्या. लोक विचारतात, आनंदराव, चांगले असलेले का फोडता? मी सांगतो की झाकले होते. एकदा सांगितले की पुढच्या माणसाला सांगणे सोपे जाते. पहिल्याला मात्र दोनदा चहा पाजून मग सांगितले. तू दोनशे बारा नंबर वाचून दाखवलेस, ते कसे केलेस कोण जाणे.

अजून चाळीस-बेचाळीस राहिल्या असतील. पावसाआधी होतील तेवढ्या करीन, उरलेल्या नंतर. तुला रविवारची सुट्टी असते. महिन्यातून एक रविवार आम्हाला दे. मी शिवण घालीन, तू तपास. तुझ्या नजरेला नाही आली तर फोड, मी पुन्हा घालीन.

येताना पोचायची वेळ कळव, मामी बसस्टँडवर यायचे म्हणते. तुझ्या येण्याकडे डोळे आहेत.

तुझा,
आनंदमामा